झूल पांघरलेली फटफटी

सोयाबीनच्या शेंगा उन्हात तडकायला लागल्या की माझं डोकं फिरतं. घरात सगळ्यांना आता सवय झाली आहे. बायको पोरांना हळूच सांगते, "तुमच्या बाबाचा महिना लागला, जरा सांभाळून बोला." दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी मी तुसड्यासारखा वागतो, चहात साखर बराबर असली तरी कमी आहे म्हणतो, आणि रस्त्यावरून मळणीयंत्र गेलं की दार ओढून घेतो. धूळ येते म्हणून, असं सांगतो. धूळ तर येतेच, खोटं काय त्यात.

सेनगावात माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. प्लग, केबल, ब्रेकशू, चेन असलं सगळं. समोरून कुटाराने भरलेले ट्रॅक्टर जातात. मळणीनंतर उरलेलं ते भुसकट उडतं, नाकात बसतं, आणि त्याच्या मागोमाग मला दुसराच एक वास येतो, जो आता कुठंच नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जळाल्याचा, निळ्या धुराचा. टू-स्ट्रोक गाड्या गेल्या, तो धूरही गेला. डॉक्टरला सांगितलं तर म्हणेल नाकात दोष आहे. असेल बापा. पण तो वास आला की मी उठून उगाच प्लगची खोकी इकडची तिकडं लावत बसतो.

परवा दोन पोरं आली. गाडी शोरूममधून कालच निघालेली, अजून सीटवरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नाही, आणि पहिला प्रश्न काय, तर "काका, फटाके फोडणारा सायलेन्सर आहे का?" मी म्हणालो, "न्हाई. आणि असता तरी तुमाले दिला नसता." पोरं हसली, बाहेर जाऊन म्हणाली, म्हातारा सटकला. अरे लेको, तुमी गाडीला आवाज विकत घेऊन लावता. आमी अख्खी गाडी हातानं उभी केली होती. आमी म्हणजे मी आणि बाई.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण, जमना. आमच्या तांड्यावर थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. आमचा तांडा सेनगावच्या पलीकडं, माळाच्या पोटाशी. आमच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. पुढं ती लदेणी बंद पडली, बैल थांबले तिथं माणसं थांबली, आणि आमी शेतकरी झालो. घरात एका पत्र्याच्या पेटीत तेव्हाची एक झूल तेवढी राहिली होती. लदेणीच्या म्होरक्या बैलाच्या पाठीवर टाकायची ती. आरसे, कवड्या, लाल-निळ्या दोऱ्यांचे टाके. याडी, म्हणजे आमची आई, वर्षातून एकदा ती उन्हात घालायची आणि आमाले हात लावू द्यायची नाही.

हिंगोली जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. लोक बोलताना चुकून परभणी म्हणायचे आणि जीभ चावायचे. तांड्यावर एक नर्सबाई यायच्या, लेकरांना लस टोचायला. पांढरं पातळ, खांद्याला डबा, आणि स्वतःची मोपेड. एकट्या यायच्या, एकट्या जायच्या. ओढ्यात पाणी असलं तर पाय वर उचलून घ्यायच्या आणि मोपेड तशीच दामटायच्या. लेकरं सुईच्या भीतीनं पळायची आणि आमची बाई मात्र त्यांच्या मागं मागं फिरायची. टोचून झालं की मोपेडपाशी जाऊन उभी राहायची. एकदा नर्सबाईंनी विचारलं, "काय बघतेस गं एवढं?" बाई म्हणाली, "तुमचं काम न्हाई बघत. तुमचं येणं बघते." त्या दिवसापासून तिनं ठरवलं होतं, बारावी करायची आणि नर्सिंगला जायचं. तांड्यावरच्या कुठल्याच पोरीनं तोवर तसं काही ठरवलं नव्हतं.

दहावी आश्रमशाळेत झाली, तिथं राहायची सोय होती. अकरावीला सेनगाव. तांड्यावर एसटी येत नव्हती. फाट्यापर्यंत चालायचं आणि तिथून जीप. ती जीप म्हणजे काय सांगू, आत माणसं, मागं माणसं, टपावर माणसं, आणि डायवर स्वतः अर्धा बाहेर. बारावीच्या वर्षी पावसाळ्यात ती जीप ओढ्याच्या उतारावर कलंडली. कुणाला फार लागलं नाही, पण बाई सुजलेला हात घेऊन घरी आली आणि आमच्या बानं, म्हणजे वडलांनी, तिथंच सांगून टाकलं, "बस झालं. जीपमधी माझी लेक बसायची न्हाई." बाई दोन दिवस जेवली नाही. बा तसा वाईट माणूस नव्हता. त्याला लेकीचा जीव प्यारा होता. पण बाईला बारावीपण जिवाएवढीच प्यारी होती, हे त्याला कसं कळावं.

तेव्हा मामाची फटफटी निघाली. मामानं जीप घेतली आणि ही जुनी, ऐंशी सीसीची, बुटकी गाडी आमच्या गोठ्यात आणून टाकली. वर कडब्याच्या पेंढ्या, खाली कोंबड्या. टाकीत मुंगळ्यांनी घर केलेलं. मामा म्हणाला, "परसू, सुरू झाली तर गाडी तुही. न्हाई झाली तर भंगारवाल्याले दे." मी सोळा वर्षांचा. मला रात्रंदिवस तेच. डोळ्यांपुढं चित्र असं, की मी हँडल खाली वाकवलेलं आहे, मागचा मडगार्ड कापला आहे, सीट एकट्याची, आणि सेनगावच्या बाजारातून मी भुंगाट चाललो आहे. बाईनं मला गोठ्यात येऊन गाठलं. म्हणाली, "तू बाले जाऊन सांग. फटफटी सुरू झाली तर मी बाईले रोज नेतो आणि आणतो म्हणून." मी गेलो, बोललो. बा सोयाबीनच्या धुऱ्यावर बसून विळ्याला धार लावत होता. वर न बघता म्हणाला, "दसऱ्याच्या आत सुरू झाली तर जाईल ती. न्हाई झाली तर घरी."

मग आमी दोघं त्या गाडीच्या मागं हात धुवून लागलो. दिवसभर सोंगणी. सोयाबीन कापून कापून बोटांना खुंटं टोचलेली, त्या बोटांनी संध्याकाळी रॉकेलमध्ये कार्बोरेटर धुवायचा. खुंटांच्या ओरखड्यांवर रॉकेल लागलं की आई आई गं व्हायचं, आणि बाई हसायची. सायलेन्सर कार्बननं बुजला होता. तो काढून आमी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळात टाकला. आतली काळी काजळी जळून धूर सुटला, तांड्यावरची कुत्री भुंकायला लागली आणि शेजारची सोनकीआजी ओरडली, "काय शिजवून राहिले गं?" बाई म्हणाली, "बारावी!"

सेनगावला एक मिस्त्री होता, मुस्तफाभाई. इंजिन खोलायचं काम त्याच्याकडं. आमी गेलो की तो एकच बोलायचा, "हो गया समझो. कायकू टेन्शन लेता रे?" आणि इंजिन तिथंच फळीवर, परवा होतं तसं, वर चहाचा कप ठेवलेला. बाई एकदा त्याच्या दुकानात जाऊन खुर्ची ओढून बसली ती उठेचना. पुस्तक काढून वाचायला लागली. "तुम जावो बेटी, मैं करता," म्हणाला. बाई म्हणाली, "करो ना चाचा. मैं तो पढ रही." संध्याकाळपर्यंत नवी रिंग पडली, पिस्टन बसला, आणि मुस्तफाभाईनं स्वतः किक मारून दाखवली. निळा धूर अख्ख्या गल्लीत भरला. बाई त्या धुरात उभी राहून खोकत होती आणि टाळ्या वाजवत होती.

आता गाडी सुरू झाली म्हणजे माझी झाली, असं मी समजत होतो. पण मडगार्ड कापायला मी आरी घेतली तर बाई म्हणाली, "चिखल माझ्या ड्रेसवर येईल, मडगार्ड राहू दे." राहू दिला. हँडल वाकवायला निघालो तर म्हणाली, "मागून मला समोरचं काही दिसणार न्हाई, उलट वर घे." वर घेतलं. एकट्याची सीट तर गेलीच. असं करता करता माझ्या डोक्यातल्या त्या भुंगाट गाडीतलं एकेक काही निघून गेलं. मी चिडायचो, तोंड फुगवून बसायचो. मग एके दुपारी ती म्हणाली, "परसू, मला शिकव की." आणि का कुणास ठाऊक, माझा राग गेला तो गेलाच. त्यानंतर मी ती गाडी तिच्या मापानं करायला लागलो.

बाई ठेंगणी होती. सीटचा स्पंज काढून विळ्यानं तासला आणि सीट खाली बसवली, म्हणजे तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. क्लचची पकड तिच्या बोटांना लांब पडायची, तर लिव्हर तापवून आत वाकवली. एकदा जास्त वाकली, पुन्हा सरळ केली, पुन्हा वाकवली. किकला जोर फार लागायचा, तिथं लोखंडाचा एक तुकडा झाळून दांडी लांब केली. रंग कुठला? पोळ्याला बैलांची शिंगं रंगवलेला निळा डबा अर्धा उरला होता, तोच. टाकीला लावला. वाळल्यावर त्याच्यावर बोटांचे ठसे दिसायचे, तिचे कुठले आणि माझे कुठले ते कळायचं नाही. आजही मी गिऱ्हाइकाची क्लच लिव्हर बदलताना ती किती आत आहे ते आधी बघतो. सवय लागली ती लागली.

शिकवलं तलावाच्या भिंतीवर. सोंगणी उरकत आलेली, माणसं खळ्यावर, दुपारच्या उन्हात तिकडं काळं कुत्रंही फिरकत नाही. मातीची भिंत सरळ, रुंद, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला बेशरमाची झुडपं. पहिल्याच दिवशी बाई गाडीसकट बेशरमात. मी घाबरून धावलो तर आतून आवाज, "गाडीले काही झालं का रे?" मी म्हणालो, "तुले काही झालं का ते सांग आधी!" झुडपातून डोकं वर काढून म्हणाली, "मी काय, आपोआप दुरुस्त होते." पंधरवडा गेला असेल नसेल, आणि ती माझ्यापेक्षा चांगली चालवायला लागली. खोटं कशाला बोलू. माझी गाडी गचके खायची, तिची सरळ सुतात जायची. भिंतीच्या त्या टोकाला ती वळायची आणि परत येताना एक आरोळी ठोकायची. शब्द काही नसायचा त्यात. पाण्यावरचे बगळे उडायचे. मी मधे उभा राहून ते बघायचो आणि मला असं वाटायचं की आपल्या घरात काहीतरी फार मोठं होऊन राहिलं आहे आणि ते फक्त आपल्यालाच माहीत आहे.

तांड्यावर मात्र चालवणारा मीच, मागं बसणारी ती. बानं शब्द पाळला. दसऱ्याच्या आधीपासूनच आमी सेनगावला जायला लागलो. सकाळी गवतावर दव, गाडी थंड, किक मारून मारून पाय दुखायचा. तांडा ओलांडला, नाला ओलांडला, की बाई मागून खांद्यावर थाप मारायची. मी थांबायचो, आमी जागा बदलायचो, आणि फाट्यापर्यंत ती. फाट्यावर माणसं दिसायला लागली की परत मी. ह्याच्याइतकं सुख मला नंतर कशात मिळालं नाही. लग्नात नाही, दुकान टाकलं तेव्हा नाही. बायको हे वाचणार आहे, तरी लिहितो.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला घरातल्या हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा असते. बाई पहाटेच उठलेली. गाडी धुतली, पुसली, आणि मग तिनं याडीकडं ती पेटीतली झूल मागितली. याडी नको म्हणाली. बाई म्हणाली, "पेटीत ठेवून कुणाले दाखवायची याडी? आता आपल्या घरी बैल हाच." याडीनं काय विचार केला देव जाणे, पण दिली. बाईनं ती सीटवर घातली, कडा खाली ओढून दोऱ्यानं शिवून टाकल्या. हँडलला कवड्यांची माळ, आरशांना लोकरीचे गोंडे, पुढं झेंडूचा हार. उन्हात ती फटफटी असली दिसायला लागली म्हणता! तांड्यावरचं लेकरू न् लेकरू गोळा झालं. मी तर नुसता तिच्याभोवती फिरत होतो.

त्याच दिवशी नाईकाच्या घरी पाहुणे आले होते, पैनगंगेच्या पलीकडच्या तांड्यावरचे. नाईक म्हणजे तांड्याचा मुख्य माणूस. त्यानं बाला सांगितलं, पोरगी नजरेखालून घालून जाऊ देत, बघितल्यानं काय होतं. बा म्हणाला, बघू देत. गोळाची तयारी ठेवली होती ती रीत म्हणून. आमच्यात सोयरीक पक्की झाली की पंचांसमोर गूळ वाटतात, त्याला गोळ म्हणतात. पण पक्कं करायचं कुणाच्याच मनात नव्हतं. बाच्या तर नव्हतंच. बारावी होऊ द्या मग बघू, असं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. सकाळी याडीला बोललेलं मी ह्या कानांनी ऐकलं होतं.

पाहुणे, नाईक आणि तांड्याचे पंच आमच्या अंगणात आले. त्यांच्यात मुलाचा आजा होता, डोक्याला मोठं पागोटं, जुन्या चालीचा माणूस. तो बाईला बघायच्या आधी फटफटीपाशी थांबला. झुलीवर हात फिरवला. एक कवडी बोटांत धरली. आणि वळून बाला म्हणाला, "वा रे सोयरा! झूल घालून, माळ घालून, लेकीचा बैल तर तू सजवूनच ठेवला."

आता हे आमच्याबाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्यात लेक सासरी निघाली की तिला सजवलेल्या बैलावर उभं करतात. त्याच्यावर उभं राहून ती हात वर करून रडते, गाते, तांड्याचा निरोप घेते. त्या रडण्याला हवेली म्हणतात. आणि आमच्या जुन्या चालीत तो बैल लेकीबरोबर जायचा. पाहुण्यांसमोर झूल घातलेला बैल अंगणात उभा केला, म्हणजे लेक द्यायला बाप तयार आहे, वेगळं विचारायचं कारण नाही. हे जुन्या माणसांना माहीत. बाईला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, याडीच्याही ध्यानात आलं नाही. कारण आमच्यासाठी ती फटफटी होती. त्या म्हाताऱ्याला झूल दिसली आणि झुलीखाली त्याला बैलच दिसला.

सगळे हसले. नाईकही हसला आणि म्हणाला, "व्हय तर! लेकीचाच आहे." सगळ्यांनी वळून बाच्याकडं बघितलं. बाचं तोंड उघडलं होतं. मी बघत होतो. एक शब्द बोलला असता, की मामाची गाडी आहे, पोरानं दसऱ्याची सजवली, तर विषय मिटला असता. पण मग पंचांसमोर नाईकाचा शब्द खाली पडला असता, आणि झूल घालून मागं घेणारा म्हणून बाचं नाव चार तांड्यांत झालं असतं. बानं तोंड मिटलं. म्हाताऱ्यानं ताटातला गूळ उचलला. बाई दारात उभी होती, ओढणी डोक्यावर, हातात पाण्याचा तांब्या. गूळ फुटला तरी तिला वाटत होतं की गंमत चालली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा गाडीपाशी बसला होता. हार सुकला होता, तो एकेक फूल काढत होता. मी गेलो तर म्हणाला, "मला वाटलं नुसतं बघून जातील रे." मग पुढचं फूल काढता काढता, "लई देखणी करून ठेवली तुमी." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाला रडताना मी तेव्हाच बघितलं. माझ्या मनात त्याच्याबद्दल राग होता आणि तो तिथंच विरघळून गेला, आणि राग ठेवायला जागाच उरली नाही, त्याची मला आजवर तकलीफ आहे.

पाहुण्यांनी कबूल केलं होतं, परीक्षा देऊ द्या की, आमची ना न्हाई, गाडी आहेच, नवरदेव नेऊन सोडील. बाईनं ते खरं धरलं. दिवाळीनंतरच लग्न होतं, तोपर्यंत आमी रोज सेनगावला गेलो. नाल्यापलीकडं जागा बदलत राहिलो. ती मागून खांद्यावर थाप मारायची तशीच. फक्त आरोळी ठोकायची बंद झाली.

लग्नात हवेलीची वेळ आली तेव्हा वाद झाला. सोनकीआजी म्हणत होती, "अशुभ आहे, जनावर पायजे. लोखंडाले जीव असतो का?" मुलाचा आजा म्हणाला, "झूल आहे ना पाठीवर? मग बैलच." गाडी मधल्या स्टँडवर घेतली. दोघांनी हँडल धरलं, दोघांनी मागून कॅरिअर. बाई चढली. तिनंच शिवलेल्या झुलीवर पाय देऊन ती उभी राहिली, हात वर केले, आणि बराच वेळ तिच्या तोंडून काही येईना. तिनं हे गाणं कधी शिकून घेतलं नव्हतं. बाया आपसांत कुजबुजल्या, पोरगी शिकलेली, तिला कुठून येणार. आणि मग तिचा आवाज फुटला. हवेलीत जे घरचं असतं त्याचं नाव घेऊन रडायचं असतं. तिनं बाचं नाव घेतलं, याडीचं घेतलं, नाईकाचं, सोनकीआजीचं, शेळ्यांचं. मग ती नाल्याचं नाव घेऊन रडली. फाट्याचं घेतलं. तलावाच्या भिंतीचं घेतलं. बाया चक्रावल्या, तलावाच्या भिंतीसाठी कुणी रडतं का? फक्त मला कळत होतं. मी हँडल घट्ट धरून होतो, कारण पुढून धरणाऱ्या दोघांत एक मी होतो.

भावाची पाळी आली. भावाच्या गळ्यात पडून रडायचं असतं. ती खाली वाकली, माझ्या गळ्यात हात टाकले, आणि रडणं थांबवून अगदी रोजच्या आवाजात माझ्या कानात म्हणाली, "मला चालवता येते ते त्यांले सांगू नको."

मी म्हणालो, "काहून?"

"असू दे. तेवढं एक माझ्यापाशी राहू दे."

आणि पुन्हा सरळ होऊन तिनं रडायला सुरुवात केली.

नवरदेव उंच होता. गाडीवर बसला तर त्याचे गुडघे हँडलला लागायचे. बाई मागं, एका अंगाला पाय करून, तोंडावर पदर. गाडी माळाच्या वळणावर दिसेनाशी झाली, मग काही वेळ नुसता आवाज आला, आणि मग तोही थांबला. मी त्या रस्त्यावरच्या निळ्या धुरात उभा होतो. लोक मला घरात चल म्हणत होते. मला कुणाचा हात नको होता.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी सेनगावला गेलो. माझी अकरावी, मला काही काम नव्हतं. केंद्राच्या फाटकासमोर लिंबाखाली उभा राहिलो. ती म्हणाली होती, येईन. मला त्या गाडीचा आवाज लांबूनच कळला असता, किक लांब केली होती तिथं काहीतरी सैल होतं आणि ते खडखडायचं. टू-स्ट्रोक गाड्या कितीतरी आल्या. प्रत्येकीला मी मान वर केली. घंटा झाली, फाटक बंद झालं. तरी मी पेपर सुटेपर्यंत थांबलो. उशिरा आलेल्यांना आत घेत नाहीत हे मला माहीत होतं, पण तिथून हलणं माझ्या जिवावर आलं होतं. नंतर कळलं, लग्न उरकल्यावर लगेच त्यांची टोळी ऊसतोडीला गेली होती आणि नवरा-बायकोचा कोयता जोडीनं लागतो, म्हणून बाईलाही नेलं होतं. परीक्षेच्या दिवशी ती कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत होती.

गाडीचं काय झालं? व्हायचं ते झालं. दाजीनं सीट उंच केली, झूल काढली, आरसे टोचतात म्हणाला. बरोबरच आहे, टोचतच असतील. क्लचची लिव्हर त्याच्या मोठ्या पंजाला जवळ पडायची, ती नवी बसवली. काळा रंग मारला. मी एकदा गेलो तेव्हा गाडी दारात उभी होती आणि मला ओळखू आली नाही. काही वर्षांनी ती भंगारात गेल्याचं बाईनंच सांगितलं, भाकरी थापता थापता, पावसापाण्याच्या गोष्टींत. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती भाकरी उलटवत होती.

माझा दाजी वाईट माणूस नाही. कसं सांगू, हेच तर अवघड आहे. बाईवर त्यानं कधी हात उचलला नाही. दारू पीत नाही. तिच्या आजारपणात हिंगोलीच्या दवाखान्यात तो तिच्या उशाशी बसून होता, मी बघितला आहे. माणूस वाईट असता तर मी भांडलो असतो, बहिणीला घरी आणलं असतं, कुणाच्या तरी नावानं बोटं मोडली असती. इथं कुणाच्या नावानं मोडू? त्या म्हाताऱ्याच्या? त्यानं तर कौतुक केलं. झुलीच्या? कधी कधी दुकानात एकटा असलो की वाटतं, गाडी सुरूच झाली नसती तर बरं झालं असतं. मुस्तफाभाईनं आणखी महिनाभर इंजिनवर चहाचा कप ठेवला असता. मग बाई घरी बसली असती, रुसली असती, पण दसऱ्याला अंगणात तो देखणा बैल उभा नसता, आणि पुढच्या वर्षी काही जमलंही असतं. मग आठवतं, त्या तलावाच्या भिंतीवरून ती आरोळी ठोकत यायची. ते नसतं झालं. मग काय बरं आणि काय वाईट, मला काही कळत नाही, आणि मी गिऱ्हाइकावर खेकसतो.

ह्या भाऊबीजेला बाई आणि दाजी आले होते. तिचे केस पिकलेत, कोयत्यानं उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झालीत. माझी पोरगी कॉलेजला जाते, तिची स्कूटी अंगणात होती. पोरगी लाडात येऊन म्हणाली, "आत्या, चल तुला शिकवते. लई सोपी असते, गिअर बी नसतात." बाई तूर निवडत बसली होती. हसून नको नको म्हणाली.

दाजी खळखळून हसला. "हिले? अगं पोरी, तुझी आत्या उभ्या जन्मात सायकलवर बसली न्हाई. माझ्या मागं बसली तरी डोळे मिटून घेते." आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "काय परसराम, खरं का न्हाई?"

बाईचे हात ताटात थांबले. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. कितीतरी वर्षांनी तिनं माझ्याकडं तसं बघितलं, आणि मला दिसलं की ते अजून तिच्यापाशी आहे, आणि तेवढंच आहे.

"खरं आहे दाजी," मी म्हणालो. "तिले न्हाई येत."